सहा चाकांची जीएमसी मोटारहोम आणि तिचे ब्रेक

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत राहणाऱ्या एका वाचकांनी १९७६ सालची २६ फुटी जीएमसी मोटारहोम विकत घेतली आहे. आधीच्या मालकाकडे ती बरीच वर्षे कोठारात उभी होती. इंजिन सुरू झाले, पण ब्रेकचे पेडल अतिशय कडक लागते आणि तरीही गाडी हवी तशी थांबत नाही. एका गॅरेजने सहाही चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचा सल्ला दिला आहे. पुढच्या उन्हाळ्यात कुटुंबासह कोलोरॅडोला जाण्याचा बेत आहे. हा खर्च करावा का, आणि करायचा तर कोणत्या क्रमाने, असे त्यांनी विचारले आहे.

सहा चाकांना डिस्क बसवण्याचे काम वाईट नाही, पण ते पहिले काम नाही, आणि आपल्या गाडीच्या बाबतीत ते शेवटी करावेच लागेल असेही मला वाटत नाही. मिशिगनमध्ये जुन्या जड गाड्यांच्या ब्रेकचे काम करताना मला वारंवार हेच दिसते की, मूळ ब्रेक धड दुरुस्त न करता त्यांच्यावर नवे भाग चढवले जातात, आणि मग दोष मूळ रचनेचा की नव्या भागांचा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी कंपनीने जसे दिले होते तसे ब्रेक पुन्हा उभे करावेत, ते मोजून पाहावेत, आणि कमी कुठे पडते हे कळल्यावरच सुधारणेला हात घालावा.

या गाडीची रचना नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे निरर्थक ठरेल. १९७३ ते १९७८ या काळात मिशिगनमधील पॉन्टिअॅक येथे जनरल मोटर्सने या मोटारहोम बांधल्या. ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचे इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन पुढची चाके चालवायची, आणि मागे प्रत्येक बाजूला दोन अशी चार मोकळी चाके ठेवायची, ही तिची कल्पना होती. त्यामुळे फरशीखालून जाणारा शाफ्ट नाही, मागे डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरजोडणी) नाही, आणि गाडीची फरशी इतर मोटारहोमपेक्षा बरीच खाली बसते. पुढे डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे रोटरला, कॅलिपर नावाचा चिमटा पॅडने पकडतो), मागच्या चारही चाकांना ११ इंची ड्रम (फिरणाऱ्या डब्याला आतून शू, म्हणजे घर्षणाचे लायनर लावलेले वक्र तुकडे, दाबतात), आणि मदतीला इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, अशी मूळ मांडणी आहे. भरलेल्या गाडीचे वजन १२,००० पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ साडेपाच टनांच्या घरात जाते. गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या मालकांनी तिच्यात काय काय भरले असेल, ते सांगता येत नाही. म्हणून पाण्याची टाकी आणि पेट्रोल भरून, सामानासह, ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर गाडी चढवावी आणि पुढचे व मागचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. हे आकडे हाती नसतील तर पुढे बदलायच्या कोणत्याही भागाचे माप अंदाजानेच ठरवावे लागेल.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर संशय हवेवर किंवा गळतीवर जातो. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर तो आधी बूस्टरवर आणि मग घर्षणाच्या पृष्ठभागांवर जायला हवा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधील उरलेला व्हॅक्यूम संपवावा, मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पाय थोडासा आत गेला पाहिजे. तो जागचा हलला नाही, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे, एकमार्गी व्हॉल्व्ह अडकला आहे, किंवा इंजिनकडून येणारा रबरी पाइप आतून दबला आहे. व्हॅक्यूमचा गेज थेट बूस्टरच्या तोंडाशी लावावा. मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर) लावलेला गेज इंजिनची प्रकृती सांगतो, पाइपची नाही. निरोगी इंजिनावर, जागच्या जागी चालू असताना, १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम दिसतो. या पाइपाने फसवलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, कारण बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

बूस्टर ठीक निघाला तर चाके उघडावी लागतील, आणि तो खराब निघाला तरीही ती उघडावीच. गाडी जॅकवर घेतल्यावर जड वजनाची घोडी लावल्याशिवाय खाली शिरू नये. ड्रम निघाल्यावर आधी हवेचा झोत मारण्याची सवय अनेकांना असते. येथे ती कटाक्षाने टाळावी, कारण त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनर मारून धूळ खाली भांड्यात उतरवावी. मग व्हील सिलिंडरच्या (तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) टोकाची रबरी टोपी बारीक स्क्रूड्रायव्हरने अलगद उचलून पाहावी. आत कोरडे असेल तर ठीक. तपकिरी, चिकट थेंब बाहेर आला तर तो सिलिंडर संपला आहे, आणि त्याच्या खालचे लायनर बहुधा त्याच तेलाने भिजलेले सापडेल. भिजलेले लायनर पुसून, घासून किंवा जाळून परत वापरू नये. कोरडे पण काचेसारखे चकाकणारे लायनर ही उभ्या राहिलेल्या गाडीची आणखी एक खूण आहे: पाय कितीही जोरात दाबला तरी घर्षण मिळत नाही, आणि आपण सांगितलेले लक्षण नेमके तयार होते. ड्रमचा आतला व्यास मोजावा. तो किती वाढेपर्यंत चालेल हा आकडा ड्रमवरच उमटवलेला असतो. पुढे कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने हलल्या पाहिजेत. त्या गंजून बसल्या असतील तर दोन पॅडपैकी एकच काम करतो आणि तो तिरका झिजतो.

एवढे पाहून झाल्यावर माझा सल्ला असा की हायड्रॉलिक व्यवस्थेत तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करू नये. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल पुढे ढकलणारा), सहाही चाकांचे सिलिंडर आणि कॅलिपर, आणि सगळे रबरी होज (लवचीक नळ्या) एकाच वेळी बदलावेत. पन्नास वर्षांच्या होजचे आतले अस्तर सुटते आणि झडपेसारखे वागते: तेल दाबाने पुढे जाते, पाय काढला तरी परत येत नाही, आणि एकच चाक तापत राहते. गाडी मिठाच्या रस्त्यांवर फिरलेली असेल तर लोखंडी पाइपही बदलावेत. त्यासाठी तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप सर्वांत सोयीचा, कारण तो हाताने वळतो आणि गंजत नाही. साधा तांब्याचा पाइप मात्र ब्रेकसाठी कधीही वापरू नये, तो वारंवार कंप पावून ठिसूळ होतो आणि चिरतो. पाइपाची टोके दुहेरी दुमडीची असावीत, एकेरी दुमड चालणार नाही.

तेलाबाबत थोडक्यात सांगतो. ‘डॉट’ ही ब्रेकच्या तेलाची प्रतवारी आहे. डॉट ३ चालते, पण डॉट ४ घ्यावे. कोरड्या अवस्थेत त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर डॉट ३ चा २०५. पाणी शोषल्यावर हे आकडे अनुक्रमे १५५ आणि १४० वर येतात, म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलणे आलेच. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना रंग खराब न करणारे सिलिकॉनचे डॉट ५ आवडते. मी ते या गाडीत घालत नाही. ते इतर तेलांत मिसळत नाही, आत शिरलेले पाणी शोषत नाही म्हणून ते पाणी खोलगट जागी साठते, आणि पेडलला किंचित स्पंजासारखे वाटू लागते.

मूळ व्यवस्था अशी उभी राहिली की कॅलिपरच्या ब्लीडरच्या (हवा काढण्याच्या स्क्रूच्या) जागी प्रेशर गेज लावून पेडल पूर्ण जोराने दाबावे. चांगल्या बूस्टरसह चौरस इंचाला १,००० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब दिसला, तर पायापासून चाकापर्यंतची साखळी ठीक आहे आणि कमतरता असलीच तर ती चाकांवर आहे. दाब ६०० वर अडकला, तर नव्या डिस्क बसवूनही गाडी थांबणार नाही. गॅरेजने आपल्याला सल्ला देण्याआधी ही मोजणी केली होती का, हे जरूर विचारावे.

सुधारणेचा पहिला खर्च पुढच्या चाकांवर करावा. मूळ कॅलिपरचा पिस्टन साधारण ७५ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याच जागी बसणारे ८० मिलिमीटरचे कॅलिपर या गाड्यांसाठी अनेक जण वापरतात. व्यासात पाच मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच दाबाला पकड तितकी वाढते. त्याबरोबर जड कामाचे, तापल्यावरही पकड टिकवणारे पॅड घ्यावेत. गार असताना झटकन पकडणारे आणि तापल्यावर सोडून देणारे स्वस्त पॅड गावातल्या गावात उत्तम वाटतात, आणि घाटात अर्ध्यावर त्यांचा खरा गुण कळतो. रोटर पातळ झाले असतील तर घासून सपाट करण्यापेक्षा नवे घ्यावेत, कारण उष्णता साठवणारे लोखंडच त्यात कमी झालेले असते.

मास्टर सिलिंडरच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर म्हणजे जोरदार ब्रेक, असे मानले जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. १⅛ इंच बोअरच्या जागी १¼ इंच घेतला, तर क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते, म्हणजे पायाच्या त्याच जोराला दाब जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. त्याच्या बदल्यात प्रत्येक दाबाला तेल जास्त सरकते. पुढचे मोठे कॅलिपर आणि मागे चार कॅलिपर बसवले तर एवढे तेल लागतेच, आणि लहान मास्टर सिलिंडरचे पेडल फरशीला टेकू लागते. पण मग दाबाची तूट भरून काढायला बूस्टरही तगडा हवा. म्हणजे मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि बूस्टर यांची निवड एकाच कागदावर, एकाच वेळी झाली पाहिजे. केवळ पुढचे ८० मिलिमीटरचे कॅलिपर आणि मागे चांगले ड्रम ठेवणार असाल, तर मूळ मास्टर सिलिंडर बहुधा पुरतो.

बूस्टरचा विचार कोलोरॅडोच्या बेतामुळे वेगळा करावा लागेल. व्हॅक्यूम बूस्टर प्रत्यक्षात बाहेरच्या हवेच्या दाबावर काम करतो. ही गाडी बाजारात आली त्याच १९७३ साली खुला झालेला आय-७० महामार्गावरील कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. उंचावर इंजिन चढताना ओढ घेत असते तेव्हा व्हॅक्यूमही कमी मिळतो. ओहायोच्या सपाटीवर पुरेसा वाटणारा बूस्टर तिथे पायाला चांगलाच कमी साथ देतो. यावर उपाय म्हणजे मूळ बूस्टर उत्तम स्थितीत ठेवणे, त्याला व्हॅक्यूमची साठवण टाकी जोडणे, किंवा हायड्रोबूस्ट बसवणे. हायड्रोबूस्ट पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा दाब वापरतो, त्यामुळे उंचीशी त्याचे देणेघेणे नाही, आणि इंजिन बंद पडले तरी साठवलेल्या दाबावर एक-दोन वेळा मदत मिळते. पण पंप किंवा त्याचा बेल्ट गेला तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची मदत एकदम जाते. म्हणून पंप, बेल्ट आणि उच्च दाबाचे होज नवे असल्याशिवाय मी तो बसवून देत नाही. पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत चुकूनही ब्रेक ऑईल पडता कामा नये.

आता मागची चाके. गॅरेजच्या सल्ल्यातला खरा अडथळा येथे आहे. प्रत्येक बाजूला दोन आर्म (चाक धरणारे दांडे) आहेत आणि मूळ रचनेत दोघांमध्ये मिळून हवेची एकच पिशवी आहे. शेवटच्या चाकाच्या आर्मचा पिव्हट (ज्याभोवती आर्म फिरतो तो बिंदू) चाकाच्या पुढे आहे, मधल्या चाकाच्या आर्मचा पिव्हट चाकाच्या मागे. ब्रेक लावल्यावर फिरते चाक ब्रेकच्या प्लेटला आणि तिच्यामार्फत आर्मला आपल्याबरोबर फिरवू पाहते. हा पीळ शेवटच्या आर्मचे पुढचे टोक खाली दाबतो आणि चाक वर उचलू पाहतो. मधल्या आर्मवर तोच पीळ उलट वागतो आणि चाक जमिनीत दाबतो. परिणाम असा की ब्रेक जितका जोराचा, तितका शेवटच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि ती मधल्यांच्या आधी जॅम होऊन घसरतात. चारही मागच्या चाकांना सारखेच जोरदार डिस्क बसवले, तर हा दोष कमी न होता वाढतो. कोरड्या रस्त्यावर टायरचा एक चट्टा झिजतो, एवढ्यावर भागते. पावसात मात्र शेपूट बाजूला जाते.

म्हणून मागच्या बाजूला मी आधी दोन गोष्टी सुचवतो. ड्रम, नवे लायनर आणि त्यांची समायोजन यंत्रणा अशी ठेवावी की चारही चाकांचे शू सारख्याच अंतरावर असतील. त्यानंतरही शेवटची चाके लवकर जॅम होत असतील तर मधल्या चाकांना शेवटच्या चाकांपेक्षा थोडा मोठा व्हील सिलिंडर द्यावा, म्हणजे ज्या चाकांवर भार वाढतो त्यांनाच जास्त काम मिळते. यापुढे जायचे असेल तर ब्रेकची प्लेट आर्मपासून मोकळी करून तिला वेगळ्या दांड्याने फ्रेमला बांधणारे संच मिळतात. मग पीळ आर्मवर न जाता फ्रेमवर जातो आणि चाक उचलले जात नाही. मागे डिस्क बसवायचेच असतील तर ते या संचासोबत बसवावेत. एकटे बसवण्यात मला अर्थ दिसत नाही.

ड्रमविषयी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांच्यात शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट दाबले जातात, त्यामुळे कमी दाबात खूप जोर मिळतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पण त्याच गुणामुळे लायनर तापून घर्षण थोडे घटले की ड्रमचा जोर एकदम कोसळतो, तर डिस्क हळूहळू कमी होते. डिस्कचा खरा फायदा थांबण्याच्या अंतरात नसून तापल्यावर आणि भिजल्यावर एकसारखे वागण्यात आहे.

मागे डिस्क बसवल्यास दोन जागा विसरल्या जातात. पहिली, कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. मागचे शू ड्रमला टेकेपर्यंत पुढच्या डिस्कचा दाब क्षणभर रोखण्याचे काम तो करतो. मागे ड्रम उरलेच नाहीत तर हा विलंब नको असतो आणि मागच्या दाबाची मर्यादाही नव्याने ठरवावी लागते. त्यासाठी हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागच्या पाइपावर बसवावा. दुसरी, हँडब्रेक. तो मागच्या ड्रममध्ये यांत्रिकपणे काम करतो, आणि बाजारातील अनेक कॅलिपरमध्ये त्याची सोय नसते. गिअर ‘पार्क’मध्ये टाकला तर या गाडीची फक्त पुढची चाके अडतात. उतारावर पुढचे एक चाक जॅकवर उचलले तर डिफरन्शिअलमुळे दुसरे चाकही फिरू शकते आणि साडेपाच टन वजन घरंगळू लागते. हँडब्रेक नसलेली गाडी मी रस्त्यावर सोडत नाही.

डोंगर उतरण्याचा हिशेब आता मांडतो, कारण त्यात कोणत्याही भागाची खरेदी उपयोगाची नाही. साडेपाच टनांच्या आसपासची गाडी ताशी ५५ मैलांवरून थांबवायला ब्रेकना सुमारे १६ लाख जूल उष्णता पचवावी लागते. आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे ६०० मीटर उतार आहे. तो वेग न वाढू देता उतरायचा तर तीन कोटी जूल कुठेतरी गेले पाहिजेत, म्हणजे ५५ मैलांवरून जवळजवळ वीस वेळा सलग थांबण्याइतके. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला काही भाग उचलतो. उरलेला एकट्या ब्रेकवर टाकला तर डिस्क असोत वा ड्रम, ते लाल होतील. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्याकडील ट्रकचालकांचा नियम येथेही तसाच लागू आहे. तीन गिअरच्या या गिअरबॉक्समध्ये उतार सुरू होण्याआधीच दुसरा, गरज पडल्यास पहिला गिअर घ्यावा. ब्रेक सतत चेपून धरू नये. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की काही क्षण चांगला जोर देऊन तो खाली आणावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा. इंजिनचा रोध फक्त पुढच्या चाकांवर येतो, म्हणून बर्फावर हे तंत्र फार जपून वापरावे. मागे मोटार ओढत नेणार असाल तर त्या मोटारीला स्वतःचे ब्रेक लावणारी व्यवस्था हवीच. वरच्या हिशेबात तिचे वजन धरलेले नाही.

काम पूर्ण झाल्यावर हवा काढताना मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढावी, मग सर्वांत लांबच्या चाकापासून जवळ यावे. प्रेशर लावून ब्लीड करत असाल तर कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या टोकाची छोटी पिन बाहेर ओढून धरावी लागते, नाहीतर पुढच्या चाकांकडे तेल पोचत नाही आणि तासभर वाया जातो. नवे पॅड आणि शू बसवून घेण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० मैलांवरून मध्यम जोराने गाडी हळू करावी, पूर्ण थांबवू नये, मध्ये ब्रेक गार होऊ द्यावेत, आणि हे बऱ्याच वेळा करावे.

शेवटची चाचणी थर्मामीटरची. अशा काही थांब्यांनंतर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने सहाही चाकांच्या डिस्क आणि ड्रमचे तापमान मोजून लिहावे. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा सिलिंडर अडकला आहे. मागची सगळी चाके गारच असतील तर काम पुढचीच करत आहेत, आणि मागे नीट समायोजन झालेले नाही. शेवटची चाके तापली आणि मधली गार राहिली, तर वर सांगितलेल्या सिलिंडरच्या मापांकडे परत जावे. पहिल्या डोंगरी प्रवासानंतर तेलाची पातळी, चाकांचे नट आणि होज आर्मला कुठे घासत आहेत का, हे पुन्हा पाहावे. पिशवीत हवा भरलेली असताना आणि पूर्ण सोडलेली असताना, अशा दोन्ही स्थितींत.